आकडा किती वाजताचा? भोगावतीच्या पातळीसाठी उभारलेल्या रिले-साखळीच्या नोंदी

४ जून

पावसाळ्यात कोल्हापूरकर दोन गोष्टी विचारतो: पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती, आणि कुठले बंधारे पाण्याखाली गेले. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ आहे. २०१९ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हापासून हा आकडा घराघरात वाचला जातो. आकड्याशेजारची वेळ मात्र कुणी वाचत नाही. सकाळी आठची पातळी दुपारी दोनला व्हॉट्सॲपवर फिरत असते आणि तीच वाचून माणूस जनावरं हलवायची की नाही ते ठरवतो.

आमचा प्रकल्प लहान आहे. हळदी गावच्या बंधाऱ्याजवळ पंचगंगेला मिळणाऱ्या भोगावतीची पातळी मोजायची आणि रेडिओने टप्प्याटप्प्याने कोल्हापुरात आणायची. बंधाऱ्यावरच सेन्सर बसवण्यात अर्थ नाही, कारण पहिल्या मोठ्या पावसात हळदी, राशिवडे, कोगे ही नावं 'पाण्याखाली'च्या यादीत येतातच. म्हणून काठावरच्या उपसा योजनेच्या पंपघराच्या भिंतीतून लोखंडी हात बाहेर काढला आहे आणि त्यावर अल्ट्रासोनिक सेन्सर खाली तोंड करून टांगला आहे. तिथून पहिला रिले (ऐकलेला निरोप पुढे पाठवणारी पेटी) एका गुऱ्हाळाच्या पत्र्यावर, दुसरा वाशी गावात एका घराच्या गच्चीवर आणि शेवटी गेटवे, म्हणजे निरोप घेऊन स्क्रीनवर दाखवणारी पेटी, कोल्हापुरात साने गुरुजी वसाहतीत. रेडिओ लोराचे (कमी विजेत दूरवर पोचणारे), ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. तिथे परवाना लागत नाही.

फर्मवेअर (पेट्यांच्या आतला प्रोग्रॅम) अश्विनीकडे, खांब-पेट्या-वायरिंग प्रसादकडे. मोजमाप आणि या नोंदी माझ्याकडे.

मोजायचं काय, हे आजच ठरवलं. पाणी किती हे सेन्सर सांगेल. मी मोजणार आहे ते शहरातल्या स्क्रीनवर दिसणाऱ्या आकड्याचं वय.

७ जून

वयाची व्याख्या साधी आहे. आत्ताच्या क्षणी माझ्याकडे पोचलेल्या सगळ्यांत नव्या नोंदीचा जन्म केव्हाचा, तो आत्ताच्या वेळेतून वजा करायचा. नोंद किती वाजता पोचली याचा इथे संबंध नाही. सेन्सरने पाणी किती वाजता पाहिलं, एवढंच धरायचं.

या वयाचा आलेख करवतीच्या दातांसारखा निघतो. नवं काही येईपर्यंत वय मिनिटाला मिनिट वाढतं, नवी नोंद आली की झपकन खाली येतं, पण शून्यावर नाही. वाटेत जेवढा वेळ गेला तेवढ्यावर. २०१२ साली कौल, येट्स आणि ग्रुटेसर यांनी ही कल्पना रांगेच्या गणितात बसवली आणि एक मजेशीर उत्तर काढलं. रांग लावून काम करणारा एकच सर्व्हर असेल आणि नोंदी केव्हाही, यादृच्छिक येत असतील, तर तो साधारण ५३ टक्के वेळ कामात असताना सरासरी वय सगळ्यांत कमी असतं. त्याहून जास्त पाठवलं तर रांग वाढून नोंदी रांगेतच शिळ्या होतात, कमी पाठवलं तर नवं येतच नाही. प्रसादचा पहिल्या दिवसापासून आग्रह होता की दर दहा सेकंदांनी पाठवू, मग ताजं राहीलच. त्याला हा कागद दाखवला. म्हणाला, "म्हणजे जास्त बोललं की कमी कळतं." हो, असंच काहीसं.

आमच्यासाठी आणखी सोपं सूत्र पुरतं. ठरावीक काळाने पाठवतोय, प्रत्येक पॅकेट (एक नोंद घेऊन जाणारा रेडिओ-निरोप) शेवटपर्यंत पोचायची शक्यता समान आहे आणि एकाच्या हरवण्याचा दुसऱ्याशी संबंध नाही, असं धरलं तर:

सरासरी वय = वाटेतला उशीर + काळ × (१ ÷ शक्यता − १/२)

काळ १० मिनिटं. सगळं पोचलं तर उशीर सोडून सरासरी ५ मिनिटं. दोन टप्पे आणि प्रत्येक टप्प्यावर ८० टक्के पोच धरली, तर शेवटपर्यंत ६४ टक्के पोचतात आणि सरासरी वय होतं १०.६ मिनिटं. तीन टप्प्यांना ५१ टक्के आणि सुमारे साडेचौदा मिनिटं. नदीसाठी हे चालण्यासारखं आहे. 'एकाच्या हरवण्याचा दुसऱ्याशी संबंध नाही' या शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारून ठेवली आहे.

११ जून

आजचा दिवस घड्याळात गेला.

वय काढायचं तर सेन्सरची वेळ आणि शहरातली वेळ जुळायला हवी. डीएस३२३१ नावाची घड्याळाची चिप चांगली आहे, वर्षाला साधारण मिनिटभर चुकते. पण ती प्रत्येक पेटीत लावायची, तिचा सेल सांभाळायचा आणि कुणी पेटी उघडून सेल काढला की वेळ पुन्हा लावायला हळदीला जायचं. अश्विनीने दुसरी वाट काढली: वेळ पाठवायचीच नाही, वयच पाठवायचं. सेन्सर नोंद घेतो तेव्हा पॅकेटात वय शून्य. रिलेला पॅकेट मिळालं की तो स्वतःच्या घड्याळावर किती सेकंद सांभाळलं ते मोजतो आणि पुढे पाठवताना तेवढे मिळवतो. हवेतल्या प्रवासाचा वेळ ठरलेला असतो, तोही मिळवायचा. कुणाचंही घड्याळ कुणाशी जुळलेलं नसलं तरी शेवटी बेरीज बरोबर येते.

याला एकच मेख आहे. पॅकेट साठवलेलं असताना रिलेची वीज गेली, तर किती वेळ गेला ते त्याला कळत नाही. परत उठल्यावर त्याचं घड्याळ शून्यापासून सुरू. म्हणून रिलेत घड्याळाची चिप ठेवायची, सेन्सरमध्ये नको. मायक्रोकंट्रोलरचा मिलिसेकंदांचा ३२ बिटी मोजणारा ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो, तेही मनात ठेवलं. वजाबाकी बिनचिन्ही आकड्यांत केली की ते निस्तरतं.

१२ जून

पाऊस आला. गुऱ्हाळावरच्या पेटीत मुंग्या. केबल ग्लँड घट्ट करून वर सिलिकॉन फासला. बाकी काही नाही.

१९ जून

पहिला आठवड्याचा अहवाल काढायचा म्हणून अश्विनीने पोचलेल्या पॅकेटांची टक्केवारी लावली. "नव्वद टक्के. पहिल्या आठवड्याला झकास आहे की." टक्केवारी खरी होती, तरी अहवालात एकटी टाकायला मी नको म्हणालो. का, ते कागदावर मांडतो.

दिवसाला दर १० मिनिटांनी १४४ पॅकेटं. समजा त्यातली १४ हरवली, म्हणजे पोच ९० टक्क्यांच्या किंचित वर.

पहिली शक्यता: ती चौदा विखरून, एकेकटी हरवली. मग दिवसभरात चौदा वेळा १० ऐवजी २० मिनिटांची खिंड (दोन पोचलेल्या नोंदींमधला वेळ) पडली. सरासरी वय ५.९७ मिनिटं, म्हणजे सगळी पोचली असती त्याहून मिनिटभराने जास्त. कुठल्याही क्षणी सगळ्यांत जुना आकडा २० मिनिटांचा.

दुसरी शक्यता: तीच चौदा लागोपाठ हरवली. एकच खिंड, १५० मिनिटांची. सरासरी वय १२.२९ मिनिटं आणि सगळ्यांत जुना आकडा अडीच तासांचा. दिवसातला ८.३ टक्के वेळ स्क्रीनवरचा आकडा अर्ध्या तासाहून जुना होता.

टक्केवारी दोन्हीकडे तीच. कारण उघड आहे: वयाच्या सरासरीत खिंडीचा वर्ग येतो. खिंड पंधरापट मोठी झाली की तिच्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ सव्वादोनशे पट होतं. अविश्वासू रिले पॅकेटं शेंगदाण्यासारखी विखरून टाकत नाही. तो बंद पडतो, मग बंदच राहतो. म्हणजे ७ तारखेला ज्या शब्दांखाली रेघ मारली होती, तेच गृहीतक आमच्या साखळीला लागू नाही.

अश्विनीने ऐकून घेतलं, मग म्हणाली, "बरं, पण अहवालात दोन्ही दे. लोकांना टक्केवारी कळते." दोन्ही देऊ. टक्केवारी खाली, बारीक अक्षरात.

२३ जून

गुऱ्हाळावरचा रिले गेल्या चार दिवसांपासून आठ तास जागा असतो आणि सोळा तास मुका, हे आलेखावरून दिसत होतं. कडा इतक्या सरळ की रेडिओचा दोष असणं शक्य नव्हतं. आज जाऊन पाहिलं.

पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद असतं. चुलवाण थंड, कायली पालथ्या घातलेल्या, चिपाडं ताडपत्रीखाली. गुऱ्हाळाचे मालक आबा छत्री घेऊन आले. मेन स्विच त्यांनी हंगाम संपल्यावर पाडून ठेवला होता, ते बरोबरच आहे. मग चार दिवसांपूर्वी प्रसादने त्यांच्याच परवानगीने शेजारच्या विहिरीच्या मोटारीच्या पेटीतून वायर ओढली होती.

"आबा, ही लाईट दिवसभर नसते?"

"ही शेतीची हाय. आठ तास येती. ह्या आठवड्यात रातची, फुडल्या आठवड्यात दिसाची." मग पत्र्यावरच्या पेटीकडे बघून, "म्हंजे तुमचं मशीन बी आमच्यासंगं पाळीनं जागतंय की!"

गुऱ्हाळाच्या ओट्यावर बसूनच हिशेब केला. सोळा तास बंद म्हणजे १४४ पैकी ९६ पॅकेटं गेली, पोच एक-तृतीयांश. हरवणं विखुरलेलं असतं, तर सूत्राने सरासरी वय २५ मिनिटं यायला हवं. प्रत्यक्षात एक खिंड ९७० मिनिटांची आणि बाकीच्या १० मिनिटांच्या. सरासरी निघते ३२८ मिनिटं, साडेपाच तासांच्या आसपास. एकाच पोच-टक्केवारीतून २५ आणि ३२८! पुढे कुणी 'आमचं नेटवर्क इतके टक्के विश्वासार्ह' म्हणालं, तर मी आधी खिंडींची यादी मागणार आहे.

उपाय सौर पॅनेल आणि बॅटरी. पण इथे रिले आणि सेन्सर यांच्यातला फरक आडवा येतो. सेन्सर दहा मिनिटं झोपतो, क्षणभर उठतो, बोलतो, पुन्हा झोपतो. रिलेला झोपून चालत नाही, कुणी केव्हा बोलेल याची वाट पाहत कान उघडे ठेवावे लागतात. एसएक्स१२७६ रेडिओ नुसता ऐकायला १२ मिलिअँपच्या आसपास घेतो, ते परवडतं. पण त्याच्यासोबत ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर जागा ठेवला की एकूण ६० तरी होतात. २६०० मिलिअँप-तासांची एक सेल मग ४३ तासांत संपते. आषाढात इथे ऊन सलग चार-चार दिवस दिसत नाही. रिलेवर ईएसपी३२ नकोच. साधा कंट्रोलर लावायचा, जो झोपेल आणि रेडिओने हलवल्यावरच उठेल. एकूण १५ मिलिअँपवर आलो, तर तीच सेल आठवडाभर पुरते.

आबांनी निघताना गुळाची ढेप दिली. प्रसादच्या बॅगेत ती सोल्डरिंग गनशेजारी आहे.

२८ जून

आजची नोंद मोठी होणार, कारण आज जे दिसलं त्यासाठीच हा खटाटोप चालला आहे.

वाशीचा रिले काल रात्री पाच तास बंद होता. गुऱ्हाळाचा चालू होता, त्याने हळदीहून आलेली पॅकेटं साठवून ठेवली. वाशी परत आलं तेव्हा रांगेत पाच तासांतली पॅकेटं होती. तयार कोडच्या लायब्ररीतून जसं आलं तसं हे फर्मवेअर रांगेच्या शिस्तीने चालतं: आधी आलेलं आधी जातं, दोन पॅकेटांत एक मिनिट अंतर.

साने गुरुजी वसाहतीतल्या स्क्रीनवर हिरवा ठिपका होता. 'शेवटची नोंद: काही सेकंदांपूर्वी.' दर मिनिटाला नवा आकडा येत होता, पाणी चढताना दिसत होतं. बघणाऱ्याला वाटेल, वा, मिनिटामिनिटाला चाललंय. प्रत्यक्षात स्क्रीनवर जे चढत होतं ते पाच तासांपूर्वीचं पाणी. ठिपका पॅकेट कधी पोचलं ते सांगत होता, त्यात कधीची गोष्ट आहे ते नाही.

दर मिनिटाला दहा मिनिटांनंतरची नोंद येते, म्हणजे वय मिनिटाला निव्वळ ९ मिनिटांनी घटतं. ३०० भागिले ९: रांगेत सगळी पॅकेटं असतील तर सुमारे ३३ मिनिटं लागतात आकडा खरा ताजा व्हायला. साखळी पूर्ण दुरुस्त असताना तोवर आम्ही जुनी नदी दाखवत होतो, आणि तीही सगळ्यांत आत्मविश्वासाने.

दुसरी गोष्ट आणखी वाईट. साठवलेल्या पॅकेटांच्या मधे भोकं होती. हळदी आणि गुऱ्हाळ दोन्ही चालू असताना भोकं का? मिनिटाच्या अंतराची शिस्त पोच ('मिळालं' असा पुढच्या रिलेचा उलट निरोप) मिळाल्यानंतरच्या पुढच्या पॅकेटाला लागू आहे. पोच मिळाली नाही, की रिले तेच पॅकेट तीन सेकंदांनी पुन्हा पाठवतो. वाशी मेलेलं, त्यामुळे पोच कधीच नाही, त्यामुळे तो पाच तास दर तीन सेकंदांनी ओरडत राहिला. आमच्या सगळ्यांत दूरच्या सेटिंगला, एसएफ१२ला, २० बाइटचं पॅकेट हवेत १.३ सेकंद असतं. हा रेडिओ बोलताना ऐकू शकत नाही. तीन सेकंदांतल्या १.३ तो बोलतो, उरले १.७. हळदीचं पॅकेटही १.३ सेकंदांचं, ते त्या १.७च्या आत पूर्ण मावलं तरच ऐकू येणार. म्हणजे सुरुवात नेमकी ०.४ सेकंदांच्या फटीत व्हायला हवी. शंभरातली जेमतेम १३. हळदी प्रत्येक नोंद काही वेळा पुन्हा पाठवते, म्हणून निदान एवढी तरी सापडली.

मेलेल्या शेजाऱ्याला हाका मारत बसल्याने हा जिवंत शेजाऱ्याला बहिरा झाला होता. एका रिलेचा अविश्वासूपणा मागच्या टप्प्यात असा झिरपतो. माझ्या सूत्रात प्रत्येक टप्पा सुटा धरला होता. इथे तो सुटा नाही.

२ जुलै

गुऱ्हाळ आणि वाशी, दोन्ही रिलेंचं फर्मवेअर बदललं. नियम:

सगळ्यांत नवी नोंद आधी. वाटेत पाठवायचं काही असेल आणि मागून नवं आलं, तर जुनं बाजूला. पुन्हा प्रयत्न करताना अंतर दरवेळी दुप्पट, दहा मिनिटांपर्यंत. पोच मिळाल्यावर मोकळ्या वेळात जुन्या नोंदी उलट्या क्रमाने.

यावरून अश्विनीशी बराच वाद झाला. तिचं म्हणणं, जुन्या नोंदी टाकल्या तर पूर ओसरल्यावर पाणी कसं चढलं हे कुणाला कळणार नाही. अभ्यासाला सगळा आलेख लागतो. बरोबर आहे. पण इशाऱ्याला शेवटचा आकडाच लागतो. एकाच वायरीवर दोन गिऱ्हाईकं आहेत आणि त्यांच्या गरजा उलट. शेवटी पॅकेटात एक बिट ठेवला: 'ताजं' की 'भरपाई'. भरपाईचं पॅकेट डेटाबेसात जातं, स्क्रीनच्या आकड्याला हात लावत नाही.

नवं आधी ही काही आमची अक्कल नाही. येट्सने २०१८मध्ये अशा साखळीचं गणित मांडलं आहे: प्रत्येक टप्पा नवीन आलं की जुनं सोडून देत असेल आणि लागणारा वेळ घातांकी पद्धतीने बदलत असेल, तर शेवटच्या टोकाचं सरासरी वय म्हणजे नोंदींमधलं सरासरी अंतर आणि प्रत्येक टप्प्याचा सरासरी वेळ यांची सरळ बेरीज. इतकं गोंडस उत्तर रांगेच्या गणितात सहसा मिळत नाही. उपयोगही आहे: बेरीज असल्यामुळे कुठला टप्पा किती वय वाढवतो ते वेगळं काढून दाखवता येतं, मग पॅनेलचे पैसे कुठे घालायचे ते ठरतं.

आणखी एक बारीक गोष्ट. गेटवेवर 'क्रमांक मोठा तो नवा' असा नियम होता. हळदीचा सेन्सर रीसेट झाला की क्रमांक एकपासून सुरू होतो आणि गेटवे सगळं नवं शिळं समजून फेकतो. क्रमांकाच्या आधी 'कितव्यांदा चालू झालो' हा आकडा जोडला. तो फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत राहतो.

९ जुलै

वय चार मिनिटं, आलेख सुंदर, आणि पातळी सकाळपासून एका सेंटिमीटरने हललेली नाही. बाहेर धो धो. प्रसाद जाऊन आला: सेन्सरच्या तोंडासमोर कोळ्याने जाळं विणलंय आणि त्यावर थेंब. सेन्सर इमानदारीने जाळ्याचं अंतर मोजत होता.

ताजेपणाच्या मापात खरेपणा येत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी हवी. सलग बऱ्याच नोंदी अगदी एकसारख्या आल्या तर शंका, एवढी तूर्त घातली.

१४ जुलै

प्रसादचा नवा प्रस्ताव: पाणी हललंच नाही तर पाठवायचं कशाला? ५ सेंटिमीटर फरक पडला तरच बोलायचं. बॅटरी वाचेल, हवा मोकळी राहील. तत्त्व चांगलं आहे. २०२०मध्ये 'चुकीच्या माहितीचं वय' असं मापही मांडलं गेलं आहे: स्क्रीनवरचं आणि नदीतलं जुळत असेल तोवर वय शून्य, जुळेनासं झालं की मोजणी सुरू. तीन दिवस नदी स्थिर असेल तर तीन दिवसांपूर्वीचा आकडाही खराच.

पण मधे मरणारे रिले असताना हे चालत नाही. शांतता म्हणजे 'पाणी स्थिर आहे' की 'वाशीची बॅटरी गेली'? शहरात बसलेल्याला दोन्ही सारखंच दिसतं. आणि वर भोगावतीवरच्या राधानगरी धरणाचे सातही दरवाजे स्वयंचलित आहेत, धरणातलं पाणी चढलं की आपोआप उघडतात, एकेका दरवाज्यातून १४२८ क्युसेक. मध्यरात्री दोन उघडले, खाली पाणी चढलं आणि नेमका रिले झोपला, तर शांततेचा अर्थ आम्ही 'सगळं ठीक' असा लावणार.

तडजोड: फरक पडला तर लगेच, नाही पडला तरी अर्ध्या तासाने एक 'जिवंत आहे' पॅकेट, त्यात पातळीही. अर्ध्या तासाहून जास्त शांतता आली तर ती बिघाडच समजायची.

२२ जुलै

समांतर दुसरा रिले लावावा का, याचा हिशेब. एकाची पोच ८० टक्के, दोन असतील तर दोन्ही एकदम चुकायची शक्यता ४ टक्के, म्हणजे ९६ टक्के पोच. कागदावर.

काल रात्रीच्या वादळात गुऱ्हाळ, वाशी, तात्पुरता लावलेला तिसरा, तिन्ही एकामागोमाग गेले. पाऊस एकच, ढग एकच, ऊस एकच. ऊसही आता पुरुषभर वाढलाय, गुऱ्हाळाच्या अँटेनासमोरून ओला पाला हलतो आणि सिग्नल कमी येतो. एकाच कारणाने पडणारे दोन रिले म्हणजे हिशेबात दोन, पुरात एक. तिसरा ठेवायचा असेल तर तो वेगळ्या उंचीवर आणि वेगळ्या विजेवर. नाहीतर त्याच पैशात गुऱ्हाळाला मोठं पॅनेल आणि अँटेनाला आणखी दहा फूट पाइप.

दहा फूट पाइप ठरला. अँटेना उसाच्या वर गेली तर एसएफ१२वरून एसएफ७ या जवळच्या, वेगवान सेटिंगपर्यंत उतरता येतं का पाहू. तेच पॅकेट १.३ सेकंदांऐवजी ५७ मिलिसेकंदांत जातं.

२६ जुलै

स्क्रीन बदलली. हिरवा ठिपका काढून टाकला. आता मोठ्या अक्षरात पातळी, आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरात खाली 'पाणी पाहिलं: २५ मिनिटांपूर्वी'. 'शेवटचा संपर्क' हा शब्दच नाही.

रंग कधी बदलायचा यावर चर्चा. ठरावीक मिनिटांवर रंग बदलणं मला पटत नव्हतं. नदी तासाला अर्धा फूट चढत असेल, तर ४० मिनिटं जुना आकडा ४ इंच मागे असतो. नदी स्थिर असेल तर काहीच मागे नसतो. म्हणून वय गुणिले अलीकडचा चढण्याचा वेग, इंचांत. स्क्रीन आता म्हणते, 'यात ४ इंचांपर्यंत फरक असू शकतो.' २ इंचांपर्यंत पांढरा, ६च्या वर लाल. वेगच माहीत नसेल इतका वेळ शांतता असेल तर आकडा पुसून रेघ. अश्विनीला रेघ आवडली नाही, "लोक म्हणतील बंद पडलंय." बंद पडलेलंच असतं तेव्हा, अश्विनी.

आबांना फोटो पाठवला. फोन आला, "त्ये खालचं चार इंच बरं केलासा. आमी बी तसंच धरतोय, बातमीतल्या आकड्यावर थोडं चढवूनच."

३ ऑगस्ट

नव्या नियमांनी जुलैच्या खिंडी पुन्हा मोजल्या. वाशी बंद पडण्याचं प्रमाण कमी झालेलं नाही, ते बॅटरीचं काम आहे. बदललं ते परत आल्यानंतरचं: पहिलंच पॅकेट ताजं असतं आणि वय एका उडीत खाली येतं, ती लांबलेली उतरण आलेखातून गेली. भरपाईची पॅकेटं मागून निवांत येतात.

अहवालात सरासरीसोबत तीन गोष्टी देणार: महिन्यातली सगळ्यांत लांब खिंड, अर्ध्या तासाहून जुना आकडा दाखवला तो एकूण वेळ, आणि प्रत्येक खिंड कुठल्या टप्प्यामुळे. कोस्टा, कोद्रेआनु आणि एफ्रेमिडीस यांनी २०१४मध्ये मांडलेलं शिखर वय, म्हणजे प्रत्येक दाताचं टोक, तेही काढून ठेवलंय. आमच्यासारख्या कामाला सरासरीपेक्षा ते जवळचं वाटतं, कारण चुकीचा निर्णय टोकावर होतो.

प्रसाद उद्या वाशीला नवा कंट्रोलर आणि दुसरी सेल घेऊन जाणार. पाइपासाठी आबांनी गुऱ्हाळाच्या धुराड्याची जागा सुचवली आहे. ऑक्टोबरात चुलवाण पेटलं की तिथे अँटेना टिकणार नाही, तोवर तरी चालेल. हंगाम सुरू व्हायच्या आत दुसरी जागा शोधायची.